ऑनलाइन ट्रेनिंगमध्ये १० पैकी ९, आणि पहाटे चारची केस

रानकेवडा | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. मी गडचिरोली जिल्ह्यात आरोग्यसेविका आहे, नोकरीला १९ वर्षं झाली. पूर्वी ट्रेनिंग म्हणजे जिल्ह्याच्या गावी जायचं, दोन दिवस एसटीत, तीन दिवस हॉलमध्ये, आणि टीए-डीएचं बिल निघता निघता पुढची दिवाळी. कोरोनापासून बहुतेक सगळं मोबाईलवर आलं. व्हिडिओ बघा, प्रश्न सोडवा, प्रमाणपत्र उतरवून घ्या. घरदार सोडावं लागत नाही म्हणून मी खूश होते, खोटं कशाला बोलू.

गेल्या भाताच्या रोवणीच्या दिवसांतली गोष्ट. प्राथमिक आरोग्य केंद्रात माझी रात्रपाळी होती. डॉक्टर एक अडलेली बाई घेऊन पुढे गेले होते. पहाटे चारला ११ वर्षांच्या मुलाला घेऊन बापलोक आले. पोट दुखतंय, दोन उलट्या झाल्या. रात्री पडवीत खालीच झोपला होता. अंगावर कुठे दंशाची खूण नाही. तरी माझ्या डोक्यात साप आला, कारण महिन्यापूर्वीच सर्पदंशाचा ऑनलाइन कोर्स केला होता. १० पैकी ९ मार्क. रक्त घेतलं, काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवलं, तिरकं करून पाहिलं. गाठ छान धरली होती. मी सुटकेचा श्वास सोडला. म्हटलं साप नाही, पोटाचंच काहीतरी असेल.

पाऊण तासाने पोरगा बापाला म्हणाला, ‘मला दोन दोन दिसतेत.’ आवाज गेंगाणा झालेला. पापण्या वर उचलेनात. तेवढ्यात डॉक्टर पोचले, एकदा डोळ्यांकडे बघितलं आणि म्हणाले, मण्यार. एएसव्ही (सापाच्या विषावरचं इंजेक्शन) सुरू केलं, १०८ मध्ये अ‍ॅम्बू बॅग दाबून श्वास देत देत जिल्हा रुग्णालयात नेलं. पोरगा वाचला, आता शाळेत जातोय.

नंतर मी तो कोर्स पुन्हा उघडून बघितला. मण्यार होती त्यात! १४ व्या स्लाइडवर, चित्रासकट. मी बघितली होती, पुढे सरकले होते. परीक्षेत प्रश्न आला होता ‘किती मिनिटं थांबावे?’ ते मी बरोबर लिहिलं होतं.

म्हणून विचारते. आपापल्या ठिकाणी अशा दूरच्या ट्रेनिंगमधून खरंच काही हातात उतरतं का? की माझंच लक्ष कमी पडलं?

खोडी | सोमवार, रात्री १०.०५

प्रमाणपत्र लॅमिनेट केलं की नाही?

रानकेवडा | सोमवार, रात्री १०.११

फाईलला लावलंय. तपासणीला आले की तेच मागतात.

जुना_स्टेथो | सोमवार, रात्री ११.३०

ताई, आधी पाठ थोपटतो. अशा पोराला ‘जंताचं औषध देऊन घरी पाठवलं’ असं मी माझ्या ३१ वर्षांच्या नोकरीत कितीदा ऐकलंय. तुम्ही घरी सोडलं नाहीत, बसवून ठेवलंत. त्यानेच तो जगला.

आता मुद्दा. रक्त गोठण्याची ती चाचणी घोणस आणि फुरश्यासाठी. त्यांचं विष रक्तावर जातं. नाग आणि मण्यार मज्जासंस्थेवर जातात, तिथे रक्त व्यवस्थित गोठतं. म्हणजे चाचणी ‘चांगली’ आली तर चारांपैकी दोन साप तरी उरतातच. मण्यारीचा दंश बहुधा दुखत नाही, सुजत नाही, खूण सापडत नाही. पावसाळा, खाली झोपलेला माणूस, पहाटे पोटदुखी, मग पापण्या जड. हे चार एकत्र दिसले की मण्यार समजून चालायचं. पापणी, गिळणं, मान उचलणं आणि एका दमात किती आकडे मोजतो, हे दर १५ मिनिटांनी बघायचं. आणि एएसव्हीचा डोस लहान पोराला कमी करायचा नाही. सापाने विष वजन बघून सोडलेलं नसतं.

बघा, हे मी सहा ओळींत लिहिलं. तुमच्या कोर्समध्येही असणारच. तुम्ही ते आता विसरणार नाही, पण माझ्या ओळींमुळे नाही, त्या पोरामुळे. केस आधी घडली आणि धडा नंतर आला, म्हणून तो चिकटला. आपली सगळी ट्रेनिंगं नेमकी उलटी चालतात.

सायबरवर्धा | मंगळवार, सकाळी ८.१५

मूळचा वर्ध्याचा, सध्या पुण्यात ई-लर्निंगचंच काम करतो. धाग्यातला प्रॉब्लेम डिझाइनचा आहे. ४० मिनिटांचा व्हिडिओ कोणीच बघत नाही. तीन-तीन मिनिटांचे तुकडे करा, मध्ये खेळासारखे प्रश्न टाका, बॅज द्या, लीडरबोर्ड ठेवा. एंगेजमेंट दुप्पट होते, अनुभवाने सांगतो.

गटप्रवर्तक_ताई | मंगळवार, दुपारी २.५०

बापा बापा, बॅज! भाऊ, आमच्या आशाताईच्या मोबाईलमधी पयलेच इतके अ‍ॅप आहेत का फोन गरम होऊन पडते. गरोदर मातेचं वेगळं, टीबीचं वेगळं, बीपी-शुगरचं वेगळं, कार्ड काढ्याचं वेगळं. त्यात आता तुमचा बॅज ठेवता कुठं?

रानकेवडा ताई, तुमी खरं लिवलं म्हणून मी बी खरं सांगतो. आमच्या इकडं (अमरावती जिल्हा समजा) ऑनलाइन ट्रेनिंग असं होते: एका ताईच्या घरी वायफाय, तिच्या पोराचा फोन चार्जरले लावून ठेवते. व्हिडिओ आपला चालू राह्यते, ताई वावरात कापूस वेचाले. ११ जणीचे लॉगिन एकाच घरी. परीक्षा एकीच्या पोरीनं देल्ली, पोरगी बारावीले आहे. आता तिलेच सारं येते! त्या पोरीले आशा करा म्हणतो मी.

हसू नका. ह्या बाया कामचुकार नाहीत. बाळंतीण घरी आली का तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या अन् बेचाळिसाव्या दिवशी बरोबर जातेत. बाळाचं वजन करतेत, ताप पाह्यतेत. ते कसं शिकल्या? समोर बाहुली ठेवून, हातानं. चुकलं का सिस्टरनं हात धरून दाखवलं.

खोडी | मंगळवार, दुपारी ३.०२

लीडरबोर्डवर बारावीची पोरगी पहिली.

सायबरवर्धा | मंगळवार, दुपारी ४.२०

मान्य, टोला बसला. पण ताई, मग तुमचं उत्तर ‘जुनं तेच बरं’ असं आहे का? भामरागडचा पूल दर पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराखाली जातो. तिथल्या सिस्टरला तीन दिवस हॉलमध्ये बसवाल तर उपकेंद्र कोण बघणार? दूरशिक्षणाची खरी गरज तिथेच आहे ना?

जुना_स्टेथो | मंगळवार, रात्री ९.१०

प्रश्न बरोबर आहे, म्हणून जरा मागे जातो.

गडचिरोलीतच ‘सर्च’ या संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत जेमतेम शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचं काम सगळ्यांना ठाऊक आहे. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे आकडे आले: नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. आज आशाताई ज्या गृहभेटी देतात त्यांचं मूळ तिथे आहे. लोकांना आकडा माहीत असतो, शिकवलं कसं ते कोणी बघत नाही. तर शिकवणारा गावात जायचा. थोडं शिकवायचं, बाईने घरोघर जाऊन करायचं, पर्यवेक्षकाने ठरावीक दिवसांनी येऊन तिचा हात बघायचा, मग पुढचं. त्याआधी सुईणींना बाळाचे श्वास मोजता यावेत म्हणून मण्यांचं एक साधन केलं होतं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. ज्या बाईला साठपर्यंत मोजता येत नाही तिलाही न्यूमोनिया ओळखता यावा यासाठी केलेला विचार आहे हा. ‘तुला मोजता येत नाही, आधी मोजायला शीक’ असं कोणी म्हटलं नाही.

आता सायबरवर्धांना विचारतो, तुमच्या कोणत्या अ‍ॅपमध्ये तो मणी आहे?

मी ऑनलाइनच्या विरोधात नाही. २०१७ साली यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा मी शेजारच्याच जिल्ह्यात होतो. पेशंट यायचा, बरोबर कसला डबा नाही, दोन-तीन औषधं एकत्र मिसळलेली. अ‍ॅट्रोपिन हे उताऱ्याचं औषध ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेट या गटांतल्या कीटकनाशकांवर लागू पडतं, सगळ्या फवारणीला नाही. डोळ्याची बाहुली बारीक आहे का, लाळ गळतेय का, छातीत घरघर आहे का, हे बघून ठरवायचं असतं. त्या दिवसांत मला रात्री ११ वाजता फोनवर एक माणूस हवा होता, ज्याने १०० केसेस बघितल्यात. कोर्स नको होता, माणूस हवा होता. माझा एक वर्गमित्र नागपूरला होता म्हणून माझं भागलं. ज्याचा वर्गमित्र नव्हता त्याने काय केलं असेल?

काचनळी | बुधवार, सकाळी ७.३५

ग्रामीण रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहे. रानकेवडा ताईंनी ‘काचेच्या नळीत’ लिहिलंय, वाचून बरं वाटलं. आमच्याकडे रेफर होऊन येणाऱ्या चिठ्ठ्यांवर ‘२० मिनिटांत रक्त गोठले नाही’ असं असतं. फोन करून विचारावं तर चाचणी प्लॅस्टिकच्या बल्बमध्ये केलेली. काचेला लागलं की रक्त गोठायला लागतं, प्लॅस्टिकमध्ये ते नीट होत नाही. साबणाने धुतलेली नळीही चालत नाही, कोरी आणि कोरडी हवी. व्हिडिओत नळी दिसते काचेची, पण ‘प्लॅस्टिक का नको’ हे कोणी बोलत नाही. आणि केंद्रात स्टॉकला येतात फक्त प्लॅस्टिकच्या. मी दोन डझन काचेच्या नळ्या आजूबाजूच्या केंद्रांना वाटल्या, स्वतःच्या खिशातून. बाकी चालू द्या.

सातपुडा_सीएचओ | बुधवार, रात्री १०.४५

मेळघाटात, धारणी तालुक्यात समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ) आहे. बीएएमएस, मग सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स, मग ही पोस्टिंग. इथे दुसरी बाजू मांडतो.

मला सगळ्यात जास्त कुठल्या ‘ट्रेनिंग’ने शिकवलं असेल तर ई-संजीवनीने. ती ट्रेनिंगसाठी नाहीच, पेशंट पडद्यावरच्या डॉक्टरला दाखवण्यासाठी आहे. रोज तीन-चार कॉल लावतो. काही डॉक्टर गोळ्या लिहून कॉल बंद करतात, त्यांच्याही मागे रांग असते. पण एक मॅडम होत्या, त्या शेवटी एक वाक्य बोलायच्या. ‘हिला लोहाच्या गोळ्या तीन महिने देऊनही हिमोग्लोबिन हलत नाही ना, मग सिकलसेल बघा.’ ‘बीपी एकदाच बघून औषध सुरू करू नका, पाच मिनिटं बसवून पुन्हा बघा.’ एक वाक्य, पण समोर तोच पेशंट. वर्षभरात माझी वही भरली. त्या मॅडमची बदली झाली, वही आहे.

भाषेचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. ट्रेनिंग हिंदी-मराठीत, माझ्या आशाताई कोरकू. ‘धोक्याची लक्षणे’ हा शब्द मराठीत पाठ आहे, पण घरात सासूला कोरकूत काय सांगायचं ते कुठल्याच मॉड्यूलमध्ये नाही. आजारी बाळाच्या पोटावर अजून कुठे कुठे डम्मा देतात, तापलेल्या सळईचे चटके. ‘डम्मा देऊ नका’ असा व्हिडिओ आहे. पण आजी म्हणते माझ्या चार पोरांना दिला, चारही जगली, तर तिला काय उत्तर द्यायचं? ते मला माझ्याच एका आशाताईने शिकवलं. ती आजीशी वाद घालत नाही. म्हणते, ‘आजी, आधी माझ्याबरोबर दवाखान्यात चल, आल्यावर तुला पाहिजे ते कर.’ आल्यावर सहसा कोणी करत नाही. तिचा व्हिडिओ काढा कोणीतरी. ती शिकवेल, आम्ही ऐकू.

गटप्रवर्तक_ताई | बुधवार, रात्री ११.२०

👏 हे खरं. शिकवणारी आपल्यातली पाह्यजे.

मेडिसिनचा_मास्तर | गुरुवार, दुपारी १.१०

एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतो, नाव नको. जुना_स्टेथो यांनी रात्री ११ वाजताच्या माणसाबद्दल लिहिलं, त्यावरून.

पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयातून शिकून अमेरिकेत गेलेले डॉ. संजीव अरोरा २००३ साली न्यू मेक्सिको विद्यापीठात यकृताचे डॉक्टर होते. हेपेटायटिस-सीच्या पेशंटांना त्यांची तारीख मिळायला महिनोन्‌महिने लागायचे, लोक शेकडो मैल गाडी हाकत यायचे. त्यांनी पेशंट आणायचे सोडून खेड्यातल्या डॉक्टर-नर्सना आठवड्यातून एकदा व्हिडिओवर जमवायला सुरुवात केली. खेड्यातल्याने आपली केस मांडायची, तज्ज्ञाने आणि इतर खेड्यांतल्यांनी त्यावर बोलायचं. २०११ मध्ये निकाल छापून आले: खेड्यातल्या दवाखान्यांतले पेशंट विद्यापीठातल्या पेशंटांइतकेच बरे झाले. त्याचं नाव ‘इको’. भारतातही बरीच वर्षं चालतंय.

आम्ही त्याच धर्तीवर करून बघितलं. एक तास, खालून आलेल्या दोन केसेस, आणि आमचं भाषण १० मिनिटांच्या वर नाही. पहिले दोन महिने सपशेल फसलं. केसेस येईनात. ४० जण जोडलेले, ४० माइक बंद. आम्हाला वाटलं नेटवर्क. मग एका सिस्टरने खासगीत सांगितलं, ‘सर, कॉलवर तालुक्याचे साहेब असतात. आमची केस चुकलेली असली तर उद्या नोटीस येईल.’

इतकी साधी गोष्ट आमच्या लक्षात आली नव्हती. आम्ही साहेबांना विनंती केली की तुम्ही येऊ नका, रेकॉर्डिंगही होणार नाही. ते पटायला वेळ लागला, कारण हजेरी कोण बघणार हा त्यांचा प्रश्न होता. शेवटी हजेरी आम्ही देतो म्हटलं. पुढच्या आठवड्यात सहा केसेस आल्या.

रानकेवडा | गुरुवार, रात्री ९.५५

मास्तर, तुम्ही मर्मावर बोट ठेवलंत. साहेब कॉलवर असले की आम्ही ‘येस सर, नो सर’ आणि शेवटी थँक्यूचे अंगठे. मी ही मण्यारीची केस इथे खोट्या नावाने लिहिली. आमच्या मासिक मीटिंगमध्ये अजून सांगितलेली नाही, आणि तिथे माझ्यासारख्याच २० जणी बसतात ज्यांना ती कामी आली असती.

सायबरवर्धा | गुरुवार, रात्री १०.३०

मी मागे घेतो, बॅज वगैरे. एकच कामाची गोष्ट. व्हिडिओला डेटा लागतो, साध्या कॉलला लागत नाही. आशाताईंसाठी सरकारचं ‘मोबाईल अकादमी’ म्हणून आहे, २०१६ पासून काही राज्यांत आणि २०२४ मध्ये महाराष्ट्रातही सुरू झालं. साध्या बटणाच्या फोनवरून टोल-फ्री नंबर लावायचा, धडा ऐकायचा, बटण दाबून उत्तर द्यायचं. तुटलं तर जिथे सोडलं तिथून पुढे. पण त्यातही एकच बाजू बोलते. तुम्ही लोक कॉन्फरन्स कॉल का नाही करत? पाच-सहा जण साध्या व्हॉइस कॉलवर जोडता येतात. अ‍ॅप नको, लॉगिन नको.

खोडी | गुरुवार, रात्री १०.४१

इंजिनिअरने चक्क फोन सुचवला. तारीख लिहून ठेवा.

जुना_स्टेथो | शुक्रवार, सकाळी ६.२०

मी रिटायर आहे, रात्री झोप येत नाही. बुधवारी ८.३० नंतर मी मोकळा. वर्गमित्र नसलेल्यांसाठी.

रानकेवडा | तीन आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ५.१५

धागा वर काढतेय, माफी असावी.

तीन बुधवार झाले. पाच सिस्टर आणि जुना_स्टेथो सर. साधा कॉल. एकीला घरात रेंज येत नाही, ती ग्रामपंचायतीच्या टाकीच्या पायऱ्यांवर बसून बोलते, मागे कुत्री भुंकतात. पहिल्या बुधवारी मी मण्यार सांगितली. सांगून झाल्यावर कोणीच बोलेना. मला वाटलं कॉल कटला. मग एक जण म्हणाली, ‘माझीपण अशीच एक होती, पण ती...’ आणि पुढे ती बोललीच नाही. सरांनी पण काही विचारलं नाही. म्हणाले, पुढची केस घ्या.

दुसऱ्या बुधवारी प्रश्न आला: आठ दिवसांचं बाळ, श्वास पहिल्यांदा मोजले ते ६४, दुसऱ्यांदा ५२. काय समजायचं? आम्ही चौघींनी चार उत्तरं दिली. सरांनी आधी विचारलं, बाळ तेव्हा काय करत होतं? रडत होतं. आणि मोजलं किती वेळ? अर्धा मिनिट, मग दुप्पट केलं. सर म्हणाले, तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा नसतो, शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजायचं, ६० किंवा जास्त आले तर पुन्हा मोजायचं, दोन्ही वेळा जास्त असेल तरच जलद. हे आम्हाला सगळ्यांना ‘येत’ होतं. अर्ध्या मिनिटाची सवय कधी लागली ते एकीलाही सांगता आलं नाही.

प्रमाणपत्र नाही, त्यामुळे कुठल्या फाईलला लागणार नाही. घरून नवरा विचारतो, बुधवारी कोणाशी एवढं बोलतेस.

काचनळी | रविवार, संध्याकाळी ६.००

नळ्या अजून १० शिल्लक आहेत. पत्ता व्यनि (खासगी निरोप) करा.

गटप्रवर्तक_ताई | रविवार, रात्री ८.२५

ताई, आमच्या आशांले बी घ्या ना त्या कॉलवर. २४ जणी आहेत.

रानकेवडा | रविवार, रात्री ८.५०

सहाच्या वर कॉल तुटतो ताई. तुम्ही तुमचा वेगळा सुरू करा, पाच-पाच जणींचा. पहिल्या दिवशी मी येते. फक्त बुधवार सोडून, आणि कापूस घरात येऊ द्या आधी.